हिलोचे पाळक टायटस कोअन

अमेरिकन बोर्डाचे नाव आपल्या मंडळ्यांना नवे नाही. ज्या बोर्डाचे मिशनरी १८१३ साली मुंबईस व पुढे अहमदनगरास आले, त्याच बोर्डाने पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवरही सेवक धाडले. त्यांपैकी टायटस कोअन यांची ओळख आम्ही या लेखात करून देत आहोत.

कोअन यांचा जन्म १ फेब्रुवारी १८०१ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात किलिंगवर्थ येथे झाला. ऑबर्न येथे ईश्वरविज्ञानाचे शिक्षण घेऊन १८३५ साली ते पत्नी फिडेलिया यांच्यासह हवाईस पोहोचले आणि हिलो गावी राहिले. पुढे समुद्र, मागे ज्वालामुखी पर्वत, असे ते गाव. रस्ते नाहीत, नद्यांवर पूल नाहीत. दोराच्या आधाराने पूर ओलांडीत कोअन पायी गावोगाव फिरत. लोकांची भाषा त्यांनी लवकरच आत्मसात केली. त्यांचे ऐकण्यासाठी दूरदूरची कुटुंबे हिलोस येऊन झोपड्या बांधून राहू लागली.

७ नोव्हेंबर १८३७ रोजी कोअन यांच्या घरी सायंप्रार्थनेची वेळ झाली होती. एकाएकी किनाऱ्यावर काही प्रचंड कोसळल्यासारखा आवाज झाला आणि मागोमाग आक्रोश उठला. कोअन तसेच समुद्राकडे धावले. आधी पाणी खूप मागे हटले होते. ते नवल पाहण्यास लोक किनाऱ्यावर गेले, तोच लाट उलटली. घरे, होड्या, अन्न, वस्त्रे सारे वाहून गेले. माणसे पाण्यात गटांगळ्या खाऊ लागली. बंदरात नांगरलेल्या एका इंग्रज जहाजाच्या खलाशांनी होड्या सोडून पुष्कळांना वाचविले. तरीही कोअन यांच्या नोंदीप्रमाणे तेरा जण बुडाले. ही लाट हजारो मैलांवरील चिली देशाच्या भूकंपाने उठली होती, हे आज आपणांस ठाऊक आहे.

कोअन यांना त्या लाटेत देवाची वाणी ऐकू आली, आणि लोकांनाही तसेच वाटले. येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. शिलोहाचा बुरूज कोसळून जे अठरा जण मेले, ते इतरांहून अधिक पापी नव्हते, असे प्रभूने शिकविले आहे. हिलोच्या बुडालेल्यांविषयीही आपण तसे म्हणू नये. दुसरे असे की, भय लवकर ओसरते. भयाने आलेल्यांना तत्काळ बाप्तिस्मा देऊन मंडळीची संख्या वाढविणे कोअन यांना सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. वहीत एकेकाचे नाव लिहावे, महिनोन्‌महिने त्याची वागणूक पाहावी, विचारपूस करावी, असा त्यांचा क्रम होता. अशा पारखलेल्या १,७०५ जणांना त्यांनी १ जुलै १८३८ रोजी एकाच दिवशी बाप्तिस्मा दिला. संख्येचे आपणांस नवल वाटते. आम्हांला त्या वहीचे अधिक वाटते.

२ एप्रिल १८६८ रोजी त्याच बेटावर दक्षिणेकडील काऊ भागात महाभूकंप झाला. डोंगराचा कडा चिखल होऊन खाली आला व त्याखाली ३१ माणसे गाडली गेली. समुद्राच्या लाटेने किनाऱ्यावरील गावे धुऊन नेली. तेथे चाळीसहून अधिक बळी गेले. १८७७ च्या मे महिन्यात दक्षिण अमेरिकेकडून पुन्हा लाट आली आणि हिलोत पाच जण दगावले. कोअन तेव्हा ७६ वर्षांचे होते. या उत्पातांचे व ज्वालामुखींचे वृत्तांत त्यांनी काळजीपूर्वक लिहिले. अमेरिकेतील भूगर्भशास्त्रज्ञ जेम्स डाना यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. अभ्यासकांना ते लिखाण आजही उपयोगी पडते.

१ डिसेंबर १८८२ रोजी हिलो येथेच त्यांचा अंत झाला. पुढे १९४६ व १९६० सालच्या त्सुनामींनी त्याच गावाची पुन्हा हानी केली.

रविवारच्या शाळेतील शिक्षकांनी मुलांना दोन गोष्टी अवश्य सांगाव्यात. समुद्र एकाएकी मागे हटला, तर पाहत उभे राहू नये, उंच जागी पळावे. आणि शेजाऱ्यावर संकट आले, तर ते का आले याचा निवाडा करीत बसू नये. कोअन आधी किनाऱ्याकडे धावले. बाकीचे सारे नंतर.