लक्ष्मीबाई टिळक : पतीचा धर्म व स्वतःचा विश्वास

धरमतरच्या खाडीकाठच्या एका गावी प्रभुभोजनात सामील होऊ इच्छिणाऱ्या तरुणांची परीक्षा घेण्याचा प्रसंग आम्हांस आला होता. त्यांतील एकास आम्ही विचारले की, तू ख्रिस्ती केव्हा झालास? त्याने क्षणाचाही विलंब न लावता आपल्या आजोबांच्या बाप्तिस्म्याचे साल सांगितले. उत्तर बिनचूक होते. मंडळीच्या जुन्या वहीत तेच साल लिहिलेले आहे. परंतु आम्ही विचारले होते त्याच्याविषयी, आणि त्याने सांगितले ते आजोबांविषयी.

या मुलाचा दोष आहे असे आम्हांस वाटत नाही. आमच्या खेड्यापाड्यांत घरचा कर्ता पुरुष वळला म्हणजे बायकोमुले, सुनाबाळे त्याच्यामागून वळली. फिलिप्पै येथील बंदिशाळेचा नायकही आपल्या सर्व घराण्यासह बाप्तिस्मा पावला, हे शास्त्र जाणणाऱ्या उपदेशकांस सांगावयास नको. तथापि आपल्या महाराष्ट्रात एक बाई अशी होऊन गेली की, तिचा पती मोठा कवी व मोठा ख्रिस्तभक्त असूनही ती त्याच्यामागून आली नाही. आली ती स्वतःच्या पायांनी, आणि पाच वर्षे उशिरा आली. त्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे चरित्र आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस ऐकून ठाऊक असेल, परंतु ज्या एका गोष्टीसाठी ते येथे सांगतो आहोत ती गोष्ट ऐकणाराच्या ध्यानातून बहुधा निसटते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. १८५७ च्या बंडाच्या प्रकरणात त्यांच्या आईच्या वडिलांस फाशी झाली होती, आणि त्या प्रसंगानंतर त्यांच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने असे काही घर केले की त्यास वेडच म्हटले पाहिजे. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यावयाची नाही. धान्य धुवावयाचे, इतकेच नव्हे तर मीठसुद्धा धुवावयाचे. पेण व धरमतरकडील मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांस मीठ धुतल्यावर हाती काय उरते हे आम्ही सांगावे असे नाही. अशा घरात ही मुलगी वाढली. विटाळ म्हणजे काय हे तिला कोणी शिकवले नाही; ते तिने अन्नाबरोबरच गिळले होते. वडिलांपासून मिळालेला धर्म कसा असतो याचा याहून बळकट दाखला कोठे मिळेल असे आम्हांस वाटत नाही.

अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले. टिळक १८६१ साली कोकणातच, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मले होते. बुद्धी तीव्र, काव्य जिभेवर, हृदय लोण्यासारखे, आणि राग मात्र विस्तवासारखा. मनात येईल तेव्हा घर सोडून जावे, हाती आलेला पैसा वाटून टाकावा, आणि बायकोने मागे राहून दिवस काढावे, असा हा संसार होता. टिळकांविषयी आमच्या मनात अपार आदर आहे. पण ते सोपे पती होते असे कोणी म्हणेल तर आम्ही मान्य करणार नाही. लक्ष्मीबाईंस अक्षरओळख झाली ती लिहिण्यावाचण्यापुरती, तीही बरीचशी पतीच्या हाताखाली.

१८९३ साली टिळक आगगाडीने राजनांदगावास जात असता एका युरोपियन गृहस्थाने त्यांस नवा करार दिला, आणि दोन वर्षांत ते ख्रिस्ती होतील असे भाकीत केले. डोंगरावरील प्रवचनापाशी टिळक थांबले ते थांबलेच. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नी त्या वेळी आप्तांकडे होती. वार्ता तिला इतरांकडून कळली. त्या काळच्या ब्राह्मण घरात याचा अर्थ काय होता हे आज नीट मनात येणे कठीण. पती जिवंत असून नसल्यासारखा. कुंकू कपाळी असून लोकांच्या डोळ्यांत दया. पदरी चार वर्षांचा मुलगा. ती आजारी पडली, रडली, काही काळ पंढरपुरासही जाऊन राहिली. पतीवर तिचे प्रेम होते यात संशय नाही. केवळ त्या प्रेमासाठी ती दुसऱ्याच दिवशी बाप्तिस्मा घेती तर कोणास नवल वाटले नसते, आणि आमच्या मंडळ्यांच्या वह्यांत असे बाप्तिस्मे कमी नाहीत.

तिने तसे केले नाही. काही वर्षांनी मुलाला घेऊन ती अहमदनगरास पतीकडे आली खरी, पण आली ती आपल्या सोवळ्यासह. तिचा स्वयंपाक निराळा, पाणी निराळे. ख्रिस्ती माणसाच्या हातचे ती घेत नसे, आणि ज्या पतीसाठी ती आली तोच ख्रिस्ती! टिळक त्या वेळी अमेरिकन मराठी मिशनात शिकवीत, उपदेश करीत. बाहेर ते शेकडो लोकांस ख्रिस्त सांगत, आणि घरी त्यांच्या पत्नीच्या चुलीस त्यांचा हात लागत नसे. वादविवाद पुष्कळ झाले असतील, चेष्टाही झाली, पण तिच्यावर सक्ती झाली नाही. इतक्या तापट मनुष्याने येथे धीर धरला, यात आम्हांस त्यांच्या कित्येक कवितांपेक्षा अधिक ख्रिस्तीपण दिसते. आमच्यातील किती कुटुंबप्रमुखांनी इतका धीर धरला असता?

मग एके दिवशी लक्ष्मीबाईंनी एकांतात हा प्रश्न स्वतःच हाती घेतला. कोणी प्रवचन केले नाही, कोणी पुस्तक पुढे ठेवले नाही. जाती देवाने केल्या की माणसांनी, असा विचार त्यांनी धरला. जन्म सर्वांस सारखा, मरण सारखे, हाडमांस सारखे, सुखदुःख सारखे. तर मग देवाने भेद कोठे ठेवला? तो त्यांस कोठेच सापडेना. झाले. ज्या सोवळ्यासाठी वडिलांनी मीठ धुतले, ज्यासाठी त्यांनी स्वतः पतीची चूल सोडली, ते त्या बैठकीत गळून पडले. आपण आजपासून कोणाच्याही हातचे खाऊ, असे त्यांनी ठरवले आणि सांगितले. ख्रिस्ताकडे पूर्णपणे येणे यानंतर, हळूहळू झाले. बाप्तिस्मा झाला १९०० साली. प्रथम माणसाविषयीचे खोटे टाकले, मग देवाविषयीचे खरे घेतले, असा हा क्रम होता. आमच्याकडे पुष्कळदा क्रम उलट होतो. नाव ख्रिस्ती होते आणि जुना विटाळ मंडळीच्या बाकापर्यंत आमच्याबरोबर चालत येतो; कोणत्या गावी कोण कोणाजवळ बसत नाही हे उपदेशकबंधूंस आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

लक्ष्मीबाईंच्या बाबतीत त्या विचाराचे पुढे काय झाले ते त्यांच्या घरात दिसले. १८९९-१९०० चा तो भयंकर दुष्काळ. अनाथ पोरे नगरच्या वाटांवर. टिळकांच्या घरी अशी पोरे आली, राहिली, जेवली. त्यांची जात कोणी विचारली नाही, आणि एकाच भांड्यातून वाढणारी ती जलालपूरच्या गोखल्यांची लेक होती. प्लेगच्या साथीत ती रोग्यांच्या उशाशी बसली.

टिळकांनी येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्यास घेतले होते. त्याचे नाव ख्रिस्तायन. काही अध्याय झाले आणि ता. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. अपुरा ग्रंथ पुढे नेण्यास विद्वान पुरुष होते, पदवीधर होते. पण तो हाती घेतला या बाईने, आणि साठांहून अधिक अध्याय रचले. येथे मात्र ती पतीच्या मागून गेली असे म्हणता येईल, पण ज्याचे चरित्र गायचे तो तोपर्यंत तिचा स्वतःचा प्रभु झालेला होता. उसन्या विश्वासावर इतक्या ओव्या होत नाहीत. पुढे मुलगा देवदत्त याच्या आग्रहाने त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. स्मृतिचित्रे हा ग्रंथ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघाला, आणि ख्रिस्ती नसलेल्या मराठी वाचकांनीही तो डोक्यावर घेतला. त्यात त्यांनी आपले सोवळे, आपली फजिती, पतीची भांडणे, काहीच झाकले नाही. ता. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या प्रभूकडे गेल्या.

धरमतरकडील त्या तरुणास आम्ही नापास केले नाही व पासही केले नाही. स्मृतिचित्रे त्याच्या हाती दिले. पुढील फेरीस गेलो तेव्हा त्याचे नाव यादीत घालावे असे त्याच्या वडिलांनी आम्हांस फार विनविले. मुलगा मध्येच म्हणाला की, इतक्यात नको, त्याचे वाचून व्हावयाचे आहे आणि काही गोष्टी त्याला विचारावयाच्या आहेत. वडील रागावले. आम्ही त्या दोघांमध्ये चहा घेत बराच वेळ बसलो, आणि यादी पिशवीतून बाहेर काढली नाही.