ल्युकेमियाच्या औषधाने टिकवलेले मूत्रपिंड

न्यूयॉर्कच्या गर्ट्रूड एलियन १५ वर्षांच्या असताना आजोबा कर्करोगाने गेले. तेव्हाच त्या रसायनशास्त्राकडे वळल्या. बाई म्हणून प्रयोगशाळा नोकरी देईनात. १९४४मध्ये जॉर्ज हिचिंग्ज यांनी दिली. पीएच.डी. राहूनच गेली. ल्युकेमियासाठी दोघांनी मर्कॅप्टोप्युरीन तयार केले, त्यातूनच पुढे अ‍ॅझाथायोप्रिन. परक्या मूत्रपिंडावर तुटून पडणाऱ्या टी पेशींची संख्या ते वाढू देत नाही. डीएनएचा कच्चा मालच तोडते. १९६२मध्ये बोस्टनला मृत दात्याचे मूत्रपिंड याच औषधावर वर्षाहून अधिक टिकले. १९८८मध्ये नोबेल मिळाले, १९९९मध्ये त्या वारल्या. टी पेशीला चेतवणारा सीडी-२८चा संदेशही हे औषध आत, रॅक-१ या प्रथिनापाशी अडवते, हे २००३मध्ये कळले. रुग्ण तोवर ४० वर्षे ती गोळी घेतच होते.