चांदण्यात भरणारी शाळा : ८६ वर्षांच्या आजोबांनाही अक्षरं गिरवायला लावणारी कोरा विल्सन स्ट्युअर्ट

रात्री वीज नाही, रस्ते खड्ड्यांचे, मधे ओढे. अशा डोंगराळ भागात रात्रशाळा काढायची तर मुहूर्त कुठला धरायचा? कोराबाईंनी चंद्र बघितला. ज्या रात्री चांदणं असेल त्या रात्री शाळा. म्हणून नाव पडलं 'मूनलाइट स्कूल'.

गोष्ट आहे अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या रोवन काउंटीची. १८८० च्या दशकात दोन गटांच्या वैरात इथे इतके मुडदे पडले की हा जिल्हा रक्तपातासाठीच ओळखला जायचा. याच भागात १८७५ साली कोरा जन्मली, इथेच मास्तरीण झाली आणि १९०१ मध्ये थेट काउंटीची शाळा अधीक्षक म्हणून निवडून आली. आपल्या भाषेत शिक्षणाधिकारीच म्हणा ना, फक्त लोकांनी निवडून दिलेली. अमेरिकेत बायकांना देशभर मतदानाचा हक्क मिळाला १९२० साली, म्हणजे १९ वर्षांनी. १९०९ ला ती पुन्हा निवडून आली.

घरात मात्र सगळं बिनसलेलं. लग्न, घटस्फोट, त्याच माणसाशी पुन्हा लग्न, बाळाचा मृत्यू, १९१० मध्ये पुन्हा घटस्फोट. त्या काळात घटस्फोटित बाईने सरकारी पदावर टिकून राहणं किती अवघड असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

तिच्या ऑफिसात एक म्हातारी यायची. मुलगी लांब शिकागोला. तिची पत्रं वाचून घ्यायला आणि उत्तर लिहून घ्यायला आई मैलोन् मैल चालत यायची. मग बरेच दिवस ती आलीच नाही. आली तेव्हा कळलं, ओढ्यांना पूर आल्याने वाट बंद होती, म्हणून बाईने पुस्तक विकत घेतलं आणि रात्री चुलीपाशी बसून स्वतःच लिहा-वाचायला शिकली. ऑफिसातली पुस्तकं नुसती चाळणारा एक मध्यमवयीन माणूस होता. वाचता आलं तर आयुष्याची वीस वर्षं देईन, असं तो म्हणाला. एक पोरगा स्वतः रचलेली गाणी गायचा, पण लिहिता येत नसल्याने कितीतरी विसरून गेला होता.

या तिघांमुळे कोराच्या डोक्यात आलं, दिवसा पोरांची जी शाळा भरते ती रात्री मोठ्यांसाठी उघडायची. शिक्षक पगाराशिवाय तयार झाले. आदल्या दिवशी ते दारोदार फिरले. ५ सप्टेंबर १९११ ला (हो, आपल्याकडे पुढे शिक्षकदिन झाला तीच तारीख) शाळा उघडल्या. अपेक्षा होती दीडशे लोकांची. आले सुमारे १२००. सगळ्यात लहान १८ वर्षांचा, सगळ्यात मोठे ८६ वर्षांचे.

मला सगळ्यात भारी वाटतो तो तिचा एक निर्णय. चाळिशीतल्या शेतकऱ्याच्या हातात पोरांचं बालबोध पुस्तक दिलं तर तो लाजेल आणि दुसऱ्या दिवशी येणारच नाही. म्हणून तिने छोटं वर्तमानपत्र काढलं. सोपी वाक्यं, आणि बातम्या त्यांच्याच गावाच्या, त्यांच्याच रस्त्यांच्या. लिहायला शिकवताना जाड टिपकागदावर अक्षरं कोरलेली असायची, त्या खाचेतून पेन्सिल फिरवायची. नांगर धरणाऱ्या हातांना ते जमायचं.

कोराच्या हिशोबाने काउंटीत ११५२ निरक्षर होते, दोनेक वर्षांत २३ उरले. आकडा तिचाच आहे, त्यामुळे थोडं मीठ घालून घ्या. पण राज्य सरकारला दखल घ्यावी लागली. १९१४ मध्ये केंटकीने निरक्षरता आयोग नेमला आणि त्याची सूत्रं कोराकडे दिली. पहिल्या महायुद्धात अंगठेबहाद्दर सैनिकांसाठी तिने वेगळं पुस्तक लिहिलं. इतर राज्यांनीही तिची पद्धत उचलली.

आयोग मात्र १९२० मध्ये गुंडाळला गेला. काही आठवड्यांत माणूस साक्षर होतो हे तिचं म्हणणं शिक्षणतज्ज्ञांना पटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या शंकेतही दम होता. नाव लिहिता येणं आणि पुस्तक वाचता येणं यात बरंच अंतर आहे. १९२९ मध्ये राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्या साक्षरता समितीत तिला घेतलं, पण नंतर ती हळूहळू या कामातून बाहेर पडली. उतारवयात काचबिंदूने दृष्टी गेली. १९५८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात ती वारली.

रोवन काउंटीतल्या मोअरहेड गावात त्या काळची एक खोलीची शाळा आजही जपून ठेवली आहे.