मंडालेचा फ्रेंच विद्यार्थी

शनिवारच्या फ्रेंच क्लासमध्ये माझा 'र' काही घशातून निघत नाही. जीभ 'ई'ला ठेवून ओठ 'ऊ'सारखे गोल करायचे, तेही जमत नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या मराठी 'ळ'ला हॉस्टेल हसतं ते वेगळंच! तोंडी परीक्षेत तर पार अडकले आणि क्लास सोडायचं ठरवलं. त्याच आठवड्यात लायब्ररीत लोकमान्य टिळकांचं चरित्र हाती लागलं.

टिळक गणिताचे, एवढं माहीत होतं. 'केसरी'तल्या लेखांवरून १९०८ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. वय ५२, अंगात मधुमेह, तुरुंग ब्रह्मदेशातल्या मंडालेचा. लाकडी फळ्यांची खोली, सोबतीला स्वयंपाक करणारा एक मराठी कैदी. १९१०-११च्या हिवाळ्यात तिथे त्यांनी पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिलं, हे आपण सगळेच ऐकतो. पण त्याच तुरुंगात ते जर्मन, फ्रेंच आणि पाली शिकले, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. युरोपातल्या पंडितांची पुस्तकं मुळातून वाचता यावीत म्हणून! शिकले तेही पुस्तकांवरूनच. ना टीचर, ना कॅसेट. नाकातला स्वर बरोबर आला का, हे विचारणार कोणाला? १९१२ मध्ये सत्यभामाबाई पुण्यात वारल्या, ती बातमीही तिथेच कळली. जून १९१४ मध्ये ते सुटले आणि १९१५ मध्ये ग्रंथ छापून आला.

टिळकांना फ्रेंच बोलता येत होतं, असा माझा दावा नाही. त्यांना वाचायचं होतं आणि ते वाचू लागले. मला मात्र बोलायचंय, म्हणजे माझी अडचण जरा वेगळी आहे.

त्यांच्या शाळेतली एक गोष्ट सांगतात. शुद्धलेखनात 'संत' शब्द तीनदा आला, तर बाळने तो तीन तऱ्हांनी लिहिला. गुरुजींनी एकच बरोबर धरला, आणि बाळ भांडला. ही गोष्ट वाचताना मला हसू आलं, कारण फ्रेंचमध्ये 'शंभर', 'शिवाय' आणि 'रक्त' या तिन्ही शब्दांचा उच्चार एकच, नाकातून काढलेला 'साँ', आणि स्पेलिंगं मात्र तीन! तिथे बाळचे तिन्ही मार्क वाचले असते.

तर क्लास सोडलेला नाही. तोंडी परीक्षा पुन्हा आहे. तोपर्यंत पहाटे आमच्या रूममधून घसा खाकरल्याचा आवाज आला, तर शेजारच्या मैत्रिणींनी कृपया रेक्टर मॅडमकडे जाऊ नये. तो माझा 'र' आहे.