पेन्शनीतले सुभेदार

रामजीबाबांचे नाव निघाले की आपण लगेच बाबासाहेबांकडे वळतो. आज आम्ही जरा रामजीबाबांपाशीच थांबणार आहोत. तेही पलटणीतल्या नव्हे, पलटण सोडून आलेल्या रामजीबाबांपाशी.

सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांना छावणीत मान होता. लष्करी शाळेत १४ वर्षे ते हेडमास्तर होते. १८९४ च्या सुमारास पेन्शन घेऊन बिऱ्हाड दापोलीला आणले. तिथे आपले पेन्शनर पुष्कळ. पण त्याच काळात सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. म्हणजे बापाची वाट लेकरांना बंद! त्याविरुद्धच्या अर्जासाठी सुभेदारांनी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतली.

खाणारी तोंडे फार, पेन्शन तोकडी. म्हणून साताऱ्याला बांधकाम खात्यात स्टोअरकीपरची नोकरी धरली. तिथेच १८९६ साली भीमाबाई गेल्या. पाठीने अधू असलेल्या मीराआत्याने पोरे सांभाळली.

१९०१ साली सुभेदार गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. मुले त्यांना भेटायला निघाली. अंगात नवे कपडे, डोक्यावर भारी टोप्या. मसूर स्टेशनवर उतरली आणि जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. गाडीवाले गाडीत घेईनात. शेवटी भाडे दुप्पट, आणि गाडी पोरांनीच हाकायची, असे ठरले. वाटेत प्यायला पाणी कुणी दिले नाही. इकडे बापाला पत्ताच नाही, कारण मुलांचे पत्र नोकराने त्यांच्या हाती दिलेच नव्हते. सुभेदाराची पोरे होती हो ती! पण तो हुद्दा छावणीबाहेर कोण विचारतो?

पुढे मुंबईत परळच्या डबक चाळीत एक खोली. त्यातच चूल, त्यातच सरपण. कबीरपंथी सुभेदार रात्री दोनला भिवाला अभ्यासाला उठवीत. पोराला पुस्तक हवे झाले आणि खिसा रिकामा असला, की हा पेन्शनर सासरी नांदणाऱ्या लेकींच्या दारी जाई, त्यांचा दागिना मागून गहाण टाकी आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत देई. मुलींनीही कधी नाही म्हटले नाही. त्या मंजुळाबाई-तुळसाबाईंची आठवण आपण फारशी काढत नाही, हे आम्हाला खटकते.

१९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोद्याला नोकरीवर गेले. सुभेदारांच्या मनात ते नव्हते. थोड्याच दिवसांत तार गेली, बाप आजारी. वाटेत सुरतेला बापासाठी मिठाई घ्यायला ते उतरले आणि गाडी सुटली. मुंबई गाठायला उशीर झाला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी, लेकाचे तोंड पाहून, रामजीबाबांनी डोळे मिटले.