प्रकाशाचे वळण दाखवणारा मोजणीदार : जॉन टिंडल

दरवर्षी गणपती जवळ आले की बाजारात सजावटीचे नवे सामान येते. त्यात गेली काही वर्षे एक दिवा हमखास दिसतो. खाली लहानसा एलईडी, त्यावर केसांच्या झुपक्यासारख्या शेकडो बारीक पारदर्शक तारा आणि प्रत्येक तारेच्या टोकाला एकेक उजळ ठिपका. तार कशीही वाकवा, ठिपका विझत नाही. मखराजवळ बसलेली मुले मग विचारतातच की, प्रकाश सरळ रेषेत जातो असे शाळेत शिकवतात, मग हा वाकतो कसा?

या तारा बहुधा अ‍ॅक्रिलिकच्या असतात. दुकानांच्या पाट्या ज्याच्या करतात तेच हे प्लॅस्टिक. त्याच प्लॅस्टिकच्या, पण अधिक काळजीने बनवलेल्या, एक मिलिमीटर जाडीच्या तारेतून आज माहितीही पाठवतात. पुष्कळ टीव्हींच्या मागे 'ऑप्टिकल' लिहिलेले चौकोनी तोंड असते, ते अशाच तारेसाठी. तारिहाळसारख्या औद्योगिक वसाहतीत जी सीएनसी यंत्रे चालतात, त्यांतल्या काहींच्या कंट्रोल पॅनेलमध्येही ही तार सापडते. मुलांच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला निघालो तर वाट १८५४ साली लंडनमध्ये झालेल्या एका व्याख्यानापर्यंत जाते. ते व्याख्यान देणारे होते जॉन टिंडल. दुधाचे दोन थेंब टाकलेल्या पाण्यात प्रकाशाची तिरीप दिसते, त्याला टिंडल परिणाम म्हणतात, एवढे अनेकांना शाळेतून आठवत असेल. त्या नावामागचा माणूस मात्र आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नाही.

टिंडल यांचा जन्म २ ऑगस्ट १८२० रोजी आयर्लंडमधल्या कार्लो परगण्यात, लेलिनब्रिज नावाच्या लहान गावी झाला. वडील पोलीस शिपाई होते. घरी पैसा बेताचा, पण मुलाने शिकावे ही इच्छा मोठी. गावाकडच्या शाळेतल्या एका चांगल्या मास्तरांकडे जॉनचे गणित आणि भूमिती पक्की झाली. त्या जोरावर १८३९ साली ते आयर्लंडच्या सरकारी मोजणी खात्यात लागले. साखळी घेऊन शेते मोजायची आणि संध्याकाळी नकाशे काढायचे, हे त्यांचे काम. १८४२ मध्ये त्यांची बदली इंग्लंडमध्ये प्रेस्टनला झाली.

मी स्वतः डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलेला माणूस आहे, म्हणून चरित्राचा यापुढचा भाग मला जास्त जवळचा वाटला. खात्यात आयरिश मोजणीदारांना पगार अपुरा होता आणि वागणूक चांगली नव्हती. टिंडल आणि त्यांच्या सोबत्यांनी लेखी तक्रार केली. टिंडल यांनी वर्तमानपत्रांतूनही लिहिले. परिणाम व्हायचा तोच झाला. १८४३ साली त्यांना नोकरीवरून काढून टाकण्यात आले. वय तेवीस, हाती पदवी नाही, घरची श्रीमंती नाही. सुदैवाने तो काळ इंग्लंडमध्ये रेल्वेच्या धामधुमीचा होता. नव्या मार्गांची मोजणी करायला माणसे हवी होती. तीन-चार वर्षे टिंडल यांनी हे काम रात्रंदिवस केले आणि थोडे पैसे गाठीला बांधले.

१८४७ मध्ये ते हॅम्पशायरमधल्या क्वीनवुड कॉलेजात गणित आणि भूमापन शिकवू लागले. तिथे एडवर्ड फ्रँकलंड हे रसायनशास्त्राचे तरुण शिक्षक त्यांचे मित्र झाले. विज्ञान नीट शिकायचे तर जर्मनीला जावे लागेल असे दोघांच्या मनाने घेतले. १८४८ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, साठवलेले पैसे घेऊन टिंडल मारबुर्ग विद्यापीठात विद्यार्थी म्हणून दाखल झाले. भाषा परकी, पैसे मोजके. बुन्सेन बर्नरमुळे आपल्याला माहीत असलेले रॉबर्ट बुन्सेन तिथे त्यांचे गुरू होते. दोन वर्षांत डॉक्टरेट मिळवून ते परतले. १८५३ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. मायकल फॅरडे तिथे प्रमुख होते. तेही गरिबीतून, पुस्तक बांधणीच्या दुकानातून आलेले. दोघांचे सूत जुळले यात नवल नाही.

या संस्थेत दर शुक्रवारी संध्याकाळी सर्वसामान्य सुशिक्षितांसाठी व्याख्यान होत असे. नुसते बोलून भागत नसे, प्रयोग करून दाखवावा लागे. १८५४ मध्ये फॅरडे यांच्या सूचनेवरून टिंडल यांनी एक साधा प्रयोग दाखवला. पाण्याने भरलेल्या टाकीच्या एका बाजूला भोक, त्यातून पाण्याची धार कमानीसारखी खाली पडते. समोरच्या बाजूने टाकीत प्रखर प्रकाश सोडला. अंधाऱ्या सभागृहात लोकांना दिसले की प्रकाश सरळ बाहेर न जाता धारेबरोबर वळून खाली चालला आहे.

मुलांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. प्रकाश खरे तर वाकत नाही. पाण्यातला किरण धारेच्या कडेवर फार तिरपा आदळला की हवेत निसटू शकत नाही, आरशावर आदळल्यासारखा पुन्हा आत परततो. पुढच्या कडेवर पुन्हा तेच. असा लहान लहान सरळ टप्पे घेत तो धारेसोबत जातो. याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. त्यासाठी दोन अटी आहेत. आतला पदार्थ प्रकाशाच्या दृष्टीने बाहेरच्यापेक्षा घन हवा, आणि किरण पुरेसा तिरपा हवा. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर हा कोन लंबापासून सुमारे ४९ अंश आहे. माहिती नेणाऱ्या प्लॅस्टिकच्या तारेत पाण्याच्या जागी अ‍ॅक्रिलिकचा गाभा असतो आणि हवेच्या जागी दुसऱ्या, कमी घन प्लॅस्टिकचे पातळ आवरण.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा प्रयोग टिंडल यांचा नव्हता. जिनिव्हाच्या डॅनियल कोलाडन यांनी तो १८४१ मध्येच करून दाखवला होता आणि पुढच्या वर्षी छापलाही होता. तरी पुढे पुष्कळ पुस्तकांत ऑप्टिकल फायबरचा उगम म्हणून टिंडल यांचेच नाव येत राहिले. इंग्रजीत उत्तम बोलणारा आणि लिहिणारा माणूस लोकांच्या लक्षात राहिला, मूळ करणारा मागे पडला. १८५९ पासून टिंडल यांनी पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू उष्णता अडवून धरतात हे काटेकोर मोजमापाने सिद्ध केले. आजच्या हवामानबदलाच्या अभ्यासाचा तो एक पाया आहे. पण युनिस फूट या अमेरिकन बाईंनी साध्या नळ्या आणि थर्मामीटर घेऊन १८५६ मध्येच त्या दिशेचा प्रयोग छापला होता. त्यांचे नावही शंभर वर्षांहून अधिक काळ विस्मरणात गेले.

यात दैवाचा खेळ असा की, दुसऱ्याचे श्रेय त्याला मिळावे म्हणून टिंडल यांच्याइतका भांडणारा माणूस त्या काळात विरळा. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा विचार मांडणारे जर्मन डॉक्टर युलियस मेयर उपेक्षेने खचून गेले होते. टिंडल यांनी १८६२ मध्ये लंडनच्या व्यासपीठावरून त्यांची बाजू मांडली आणि त्यासाठी स्वतःच्या देशातल्या मोठ्या शास्त्रज्ञांचा राग ओढवून घेतला. १८७२-७३ मध्ये अमेरिकेत दिलेल्या व्याख्यानांतून मोठी रक्कम उरली, ती त्यांनी स्वतःसाठी न ठेवता तिथल्याच विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी देऊन टाकली.

हवेतली धूळ पाहण्यासाठीही त्यांनी प्रकाशाची तिरीपच वापरली. आतून ग्लिसरीन लावलेल्या बंद पेटीत धूळ खाली बसू दिली, तिरीप दिसेनाशी झाली की हवा स्वच्छ झाली असे समजले. अशा हवेत उकळून ठेवलेले मांसाचे पाणी महिनोन्महिने नासले नाही. जंतू आपोआप निर्माण होत नाहीत, या लुई पाश्चर यांच्या म्हणण्याला त्यामुळे मोठा आधार मिळाला. फावल्या वेळात हा माणूस आल्प्स चढत असे. ४,५०६ मीटर उंचीच्या वाइसहॉर्न शिखरावर १८६१ मध्ये पहिले पाऊल टिंडल आणि त्यांच्या दोन वाटाड्यांचे पडले.

फॅरडे यांच्यानंतर दीपगृहांचे शास्त्रीय सल्लागार हे मानाचे पदही त्यांच्याकडे आले. डब्लिनच्या जॉन विगम यांनी दीपगृहांसाठी गॅसचे प्रखर दिवे तयार केले होते. अधिकाऱ्यांकडून विगम यांना न्याय मिळत नाही असे टिंडल यांचे मत झाले. बरीच वर्षे वाद चालला आणि १८८३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. तेविसाव्या वर्षी स्वतःच्या आणि सोबत्यांच्या पगारासाठी भांडून सरकारी नोकरी गमावलेल्या माणसाने त्रेसष्टीला पोचताना दुसऱ्याच्या हक्कासाठी सरकारी पद सोडले. चाळीस वर्षांत स्वभाव बदलला नव्हता.

१८७६ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी लुइसा हॅमिल्टन यांच्याशी लग्न केले. त्या पंचवीस वर्षांनी लहान. संसार सुखाचा होता, पण टिंडल यांना निद्रानाशाने छळले होते. झोपेसाठी क्लोरल आणि पोटासाठी मॅग्नेशिया अशी औषधे घरात असत. ४ डिसेंबर १८९३ च्या सकाळी लुइसाबाईंनी मॅग्नेशिया समजून चुकून क्लोरलचा मोठा डोस दिला. चूक लगेच लक्षात आली, डॉक्टर आले, दिवसभर धडपड झाली, पण संध्याकाळी टिंडल गेले. लुइसाबाई त्यानंतर जवळजवळ सत्तेचाळीस वर्षे जगल्या. पतीचे चरित्र आपण लिहायचे म्हणून त्यांनी पत्रे, रोजनिशा, कात्रणे जमवली. कोणतेच कागद पुरेसे वाटेनात, आणि ते चरित्र त्यांच्या हातून पुरे झाले नाही. त्या १९४० मध्ये वारल्या आणि चरित्र १९४५ मध्ये इतरांच्या हातून बाहेर आले. तोवर टिंडल यांना पाहिलेली पिढी संपली होती.

पाण्याच्या धारेतला तो प्रकाश मात्र पुढे चालत राहिला. १९५४ मध्ये हॉलंडचे व्हॅन हील यांनी, आणि लंडनमध्ये हॉपकिन्स व मूळचे पंजाबातल्या मोगा गावचे नरिंदरसिंग कपानी यांनी बारीक तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेण्यावरचे लेख एकाच अंकात छापले. १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी शुद्ध काचेतून दूरवर संदेश जाऊ शकेल हे दाखवले. १९६० च्याच दशकात प्लॅस्टिकचा तंतूही आला.

काच आणि प्लॅस्टिक यांतला फरक आकड्यांत स्पष्ट दिसतो. आजच्या उत्तम काचेच्या तंतूत साधारण १५ किलोमीटर गेल्यावर प्रकाश निम्मा होतो. हुबळीत सोडलेला प्रकाश वीस किलोमीटरवरच्या धारवाडला पोचेपर्यंत चाळीस टक्के तरी शिल्लक राहतो. प्लॅस्टिकच्या नेहमीच्या तारेत लाल प्रकाश वीस मीटरमध्येच निम्मा होतो, त्यामुळे तिचा उपयोग पन्नास ते शंभर मीटरपर्यंतच. पण तेवढ्या अंतरात ती फार सोयीची आहे. धारदार पात्याने कापता येते, जाड असल्यामुळे सहज जोडता येते, साध्या एलईडीवर चालते. शेजारी मोठी मोटर सुरू झाली किंवा वेल्डिंगची ठिणगी उडाली तरी तिच्यातल्या संदेशात खरखर येत नाही, कारण आत वीज नसून प्रकाश आहे. म्हणून यंत्रांत आणि काही मोटारींत तिला जागा मिळाली.

या गणपतीत मुलांना हा प्रयोग जरूर दाखवा. पारदर्शक बाटलीला खालच्या बाजूला खिळ्याने लहान भोक पाडा, पाणी भरा, दोन थेंब दूध टाका. अंधारात समोरच्या बाजूने भोकावर लेझरचा झोत धरा, मात्र तो कोणाच्याही डोळ्यांत जाऊ देऊ नका. बाटलीत झोताची रेघ दिसेल, तो टिंडल परिणाम. धारेखाली तळहात धरा, लाल ठिपका हातावर पडेल, तो कोलाडन यांचा प्रयोग. मुलांना दोन्ही नावे सांगा.