थाळनेरच्या जावयाचं गाणं

मैत्रिणींनो, लतादीदींचं नाव निघालं की आपल्याला इंदूर, गोवा, मुंबई आठवते. पण दीदींचं आजोळ आपल्या खान्देशातलं, तापीकाठचं थाळनेर! १९९८ साली नंदुरबार वेगळा जिल्हा झाला, तोवर आपण आणि थाळनेर एकाच धुळे जिल्ह्यातले. म्हणजे मास्टर दीनानाथ मंगेशकर आपले जावईच की हो!

दीनानाथांचा जन्म १९००चा, गोव्यातल्या मंगेशीचा. आई येसूबाई देवळात गाणाऱ्या कलावंत घराण्यातल्या, वडील पुजारी. लग्नाचं नातं नव्हतं, म्हणून वडिलांचं आडनाव मिळालं नाही. मुलाने गावाच्या नावावरून मंगेशकर आडनाव घेतलं आणि ते मोठं केलं. १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासोबत बळवंत संगीत मंडळी काढली, तेव्हा वय अवघं सतरा! गडकऱ्यांच्या 'भावबंधन'मध्ये ते लतिका झाले. पुढे लेकीचं हेमा हे नाव बदलून लता ठेवलं, ते या लतिकेवरूनच.

१९३१ साली त्यांच्या कंपनीने सावरकरांचं 'संन्यस्त खड्ग' रंगभूमीवर आणलं. चाली वझेबुवांच्या. हे नाटक मी पुण्याला नणंदेकडे गेले असताना पाहिलं. खरं सांगू? अहिंसा की शस्त्र, यावर पात्रं इतकं बोलतात की नाटक आहे की व्याख्यान, असं वाटतं. मध्येच मी घड्याळही पाहिलं. पण पेटीने सूर धरला, विरहाचं पद सुरू झालं आणि सारं नाट्यगृह गप्प झालं. पती रणावर गेलेल्या त्या बाईचं दुःख लांबलचक संवादांनी पोचलं नव्हतं, ते दोन आलापांत पोचलं. दीनानाथांच्या जुन्या तबकड्या ऐकल्या की कळतं, ही पदं का टिकली. विजेसारखी तान, अचानक वर झेपावणारा सूर!

हे काही आपल्याकडेच नाही. इटलीतल्या व्हर्दीच्या 'इल त्रोवातोरे' या १८५३च्या ऑपेरात एक बाई सूडाच्या भरात चुकून स्वतःचंच बाळ आगीत टाकते! कथा न पटणारी, तरी गाण्यांसाठी लोक अजून गर्दी करतात.

दीनानाथांच्या आयुष्याची गोष्टही अशीच विस्कटली. बोलपटांपुढे नाटक कंपन्या मागे पडल्या. त्यांनी स्वतः सिनेमा काढून पाहिला, त्यात कंपनी बुडाली. कर्ज झालं, दारूने घेरलं, तब्येत ढासळली. २४ एप्रिल १९४२ला ते पुण्यात गेले, वय एक्केचाळीस. मागे थाळनेरच्या माई आणि पाच मुलं. लता बारा वर्षांची. त्याच वर्षी ती सिनेमात काम करू लागली.

थोर गायक म्हणून त्यांच्या चुका झाकू नयेत, असं मला वाटतं. त्यांची किंमत माईंनी मोजली, बारा वर्षांच्या पोरीने मोजली. पण चुकांपायी ते गाणंही टाकून देऊ नये. लेकीला वारशात घर-पैसा मिळाला नाही, सूर मिळाला. त्यावरच घर उभं राहिलं.

म्हणून सांगते, जवळपास संगीत नाटकाचा प्रयोग लागला तर जरूर जा. भाषणं लांबली तरी उठू नका. पद यायचं असतं.